दोन लॅपटॉप आणि आंब्याच्या पेटीची फळी

लॅपटॉप विकणाऱ्याची बोलती बंद करायची माझी एक रीत आहे. तो पडद्याचं कौतुक सुरू करतो, रंग किती, झळाळी किती, सिनेमा कसा दिसतो. मी सगळं शांतपणे ऐकून घेते, मग हाताने झाकण खाली पाडते आणि म्हणते, "आता दाखवा काय काय चालतं ते." मी जन्मापासून आंधळी. मला पडदा कशाला हवा? मी बोटांनी वाचते. लॅपटॉपला एक लांबट पट्टी जोडायची, तिला ब्रेल डिस्प्ले म्हणतात. पडद्यावरची ओळ त्या पट्टीवर बारीक ठिपक्यांनी वर येते, बोट फिरवून वाचायची, आणि कळ दाबली की ते ठिपके खाली बसून पुढची ओळ वर येते. सगळेच लॅपटॉप या पट्टीशी नीट वागत नाहीत. काही तिला ओळखच देत नाहीत, काही ओळख देतात आणि झोपून उठले की विसरतात. म्हणून विकत घेण्याआधी जोडून बघावं लागतं. गेल्या महिन्यात पुण्यात पाचवा लॅपटॉप घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या मुलीने विचारलं, "मॅडम, तपासायला काय उघडू?" मी म्हटलं, माझी फाईल आहे माझ्याजवळ, दोनच ओळींची. ती फाईल कसली, हे सांगायचं तर मला आमच्या रत्नागिरीच्या घरी जावं लागेल, वैशाखात, अढी लावलेली असताना.

आमचं घर गावाबाहेर, हातखंब्याच्या रस्त्याला. पुढे खळं, मग पडवी, आणि पडवीच्या उजव्या हाताला अढीची खोली. तिथे भाताच्या पेंढ्यावर आंबे मांडलेले, वर पुन्हा पेंढा. त्या खोलीचं दार उघडलं की जो वास यायचा तो मी कुणाला सांगू शकत नाही, आणि पुण्यात आंब्याच्या दिवसांत बाजारातून जाताना कुठूनतरी त्याचा पुसटसा धागा आला की माझे पाय जागच्या जागी थांबतात. मागून येणारा माणूस धडकतो आणि "दिसत नाही का?" म्हणतो. नाही दिसत, बाबा. अढी बघायचं काम माझं. पेंढ्यात हात घालायचा, देठाशी अंगठा हलका टेकवायचा, आंबा नाकाशी न्यायचा, पिकला असेल तर बाहेर काढायचा. अप्पा, म्हणजे माझे वडील, आल्यागेल्याला अभिमानाने सांगायचे, "आमच्या कुंदेचा हात फिरला की अढीत एक आंबा सडत नाही." घरात आम्ही तिघंच. अप्पा, आई आणि मी. तिघांपैकी एक जण तरी सतत बोलत असायचा, आणि बहुतेक वेळा ते अप्पाच असत.

सकाळी चहा झाला की अप्पा पडवीत झोपाळ्यावर बसून मला पेपर वाचून दाखवत. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायच्या, त्या तालावर बातम्या. वाचायचे छान, पण लबाडी करायचे. अपघात गाळायचे, खून गाळायचे, आणि नोकरीच्या जाहिराती तर हटकून गाळायचे. पान उलटल्याचा आवाज यायचा आणि मला कळायचं, एवढ्यात पान संपणं शक्य नाही. "अप्पा, काहीतरी सोडलंत." "काही नाही गो, औषधांच्या जाहिराती. तुला काय झालंय औषधं घ्यायला?" मी चिडायचे. चोवीस वर्षांची घोडी झाले होते, आणि जगात काय चाललंय ते मला अप्पांच्या चाळणीतून गाळून मिळत होतं. आता वाटतं, त्या चाळणीसाठी काय वाट्टेल ते द्यावं. पण तेव्हा नाही वाटलं, आणि उगाच खोटं कशाला लिहू?

आई वेगळी. ती मोजकं बोलायची आणि करून मोकळी व्हायची. मी सहा वर्षांची असताना ती महिनाभर रोज एसटीने एका अंध मास्तरांकडे गेली आणि ब्रेल शिकून आली, मला शिकवायला. पण तिचं बोट काही वाचेना. ती डोळ्यांनी वाचायची. जाड कागद खिडकीशी तिरपा धरायचा, म्हणजे ठिपक्यांच्या सावल्या पडतात, त्या सावल्या ती वाचायची. लिहायची मात्र माझ्यासारखीच, पाटीत कागद अडकवून टोचणीने. तिचा ठिपका खोल टोचलेला, म्हणून बोटाला ठळक लागणारा. माझ्या उशाशी, डब्याच्या झाकणावर, अढीच्या खोलीच्या कडीला तिचे कागद असत. "वाटीत खोबरं आहे." "मी नदीवर गेले." "अप्पांवर चिडू नको, रात्रभर खोकत होते." हजारो ओळी लिहिल्या असतील तिने मला.

मग पुण्याच्या एका संस्थेने मला ही पट्टी दिली. ब्रेल पुस्तकं छापणारी संस्था. मी घरबसल्या त्यांची प्रुफं वाचायची, टपालाने येत आणि टपालाने जात. तिथल्या मुख्य बाई एकदा म्हणाल्या होत्या, पट्टी आम्ही देतो, लॅपटॉप तुम्ही बघा. पार्सल आलं त्या दिवशी आईने ती हातात घेऊन उलटसुलट केली. वर सहा कळा होत्या, ब्रेलच्या सहा ठिपक्यांच्या. "सहा ठिपके, सहा कळा. यात काय एवढं?" म्हणाली, आणि बोटांनी कळा दाबून स्वतःचं नाव लिहून बघितलं. पट्टीवर ते वर आलं तेव्हा ती खुदकन हसली. आई सहसा आवाज करून हसत नसे, म्हणून लक्षात राहिलंय. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. अप्पा बागेत होते, आई विहिरीवर. बाई म्हणाल्या, "कुंदा, प्रुफं टपालाने पाठवणं आता बंद. इथेच येऊन काम करशील का? राहायची सोय वसतिगृहात. आठ दिवसांत लिहून कळव, नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फोन ठेवला आणि अढीच्या खोलीत जाऊन बसले. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मनातल्या मनात माझी पिशवी भरून झाली होती. आणि अप्पांना हे सांगायचं म्हटलं की मी पुन्हा आंबे चाचपायला लागत होते.

लॅपटॉप घ्यायला आम्ही तिघं रत्नागिरीत गेलो. शेखर नावाचा ओळखीचा दुकानदार होता, आमचा आंबा खाऊन मोठा झालेला. त्याने पडद्याबद्दल सुरू करताच अप्पा म्हणाले, "पडद्याचं काय घेऊन बसलायस? तिला पडदा नकोच. पडदा काढून दिलास तर किती कमी करशील ते सांग." शेखरला हसावं की कसं ते कळेना. त्याने दोन लॅपटॉप पुढे ठेवले. एक मोठा, जाड, उचलला तर हात खाली जाईल असा. दुसरा पातळ, हलका, काखेत मारून नेता येईल असा. दोघांना आळीपाळीने पट्टी जोडली, मी बोटं ठेवली, आणि काही नाही. ठिपके असल्यासारखे वाटत होते, पण धड एक अक्षर लागेना, मऊ भातावरून हात फिरवल्यासारखं. मी तडकले. "दोन्ही बिघडलेत," मी जाहीर करून टाकलं. शेखर घाबरा झाला, वायर काढ, वायर घाल, बंद कर, चालू कर. अप्पा त्याच्यावर डाफरायला लागले, गिऱ्हाईक आंधळं बघून काहीही गळ्यात मारतोस का म्हणून. तेवढ्यात आईने माझा हात ओढून घेतला, उजेडाकडे नेला आणि म्हणाली, "लॅपटॉप बरे आहेत हो. हिची बोटं बिघडलीत." त्या आठवड्यात माणसं कमी म्हणून मी आंब्यांचे देठ मोडायला बसले होते. आंब्याच्या चिकाने बोटांची टोकं भाजून सालटली होती, आणि मला मेलीला त्याचं भानच नव्हतं. अप्पा इतके हसले की शेखरकडे पाणी मागावं लागलं. शेवटी शेखरच म्हणाला, "काकू, दोन्ही घरी न्या. बोटं बरी झाली की जो चालेल तो ठेवा, दुसरा परत करा."

मग रोज संध्याकाळी आई पडवीत बसून माझ्या बोटांना कोकमाचं तेल चोळायची. घट्ट वडी असते ती, तळहातावर घासून पातळ करायची आणि एकेक बोट धरून चोळायची. तिसऱ्या दिवशी ठिपके लागायला लागले, आणि मला दोन्ही लॅपटॉपांचे स्वभाव कळले. मोठ्याची पुढची कड एवढी जाड की समोर पट्टी ठेवली तर दोन्हींच्या मध्ये उंबरठा व्हायचा, हात चढवा आणि उतरवा. त्याची वायर उजव्या बाजूला लागायची, ती माझ्या वाचायच्या हाताच्या आड यायची. झाकण मिटून उघडलं की पट्टी मेलेली, पुन्हा सगळं बंद करून चालू करा. हलका तसा गुणी. वायर डावीकडे, कड पातळ, झाकण मिटलेलं असलं तरी पट्टी चालू, आणि वीज गेली तरी दुपार निभायची. पण त्याच्या वरच्या रांगेतल्या कळा एकमेकींना खेटून बसलेल्या, कुठली कुठे ते लागायचं नाही. त्यावर आईने नखांना लावायच्या रंगाचे थेंब देऊन खुणा केल्या. मी अप्पांना म्हटलं, हलका घेऊया.

"हलका कशाला?" अप्पा म्हणाले. "घरातच तर बसून वापरायचाय. जडच बरा, दणकट. तुझ्या हाताने एकदा पडला की तो हलका संपला." मी वायरीचं सांगितलं. "लांब वायर आणू, मागून फिरवून डावीकडे घेऊ." झोपेतून उठत नाही म्हटलं. "मग झोपवायचा कशाला त्याला?" मी उंबरठ्याचं सांगितलं. ते उठून गेले. दुपारभर मागीलदारी रंधा चालल्याचा आवाज येत होता. चहाच्या वेळी त्यांनी माझ्या पुढ्यात एक फळी ठेवली. आंब्याच्या जुन्या पेटीची, तासून, घासून, कडा गोल केलेली, बोटाला एकही कूस टोचणार नाही अशी. फळीवर पट्टी बसवली आणि पट्टी लॅपटॉपच्या बरोबर उंचीला आली. "बघ गो," म्हणाले, "उंबरठा गेला ना?" गेला होता. मी फळीवरून हात फिरवत राहिले. त्यांनी माझी प्रत्येक सबब तासून गुळगुळीत केली होती, आणि त्या सगळ्या सबबी खऱ्या असूनही खऱ्या नव्हत्या. हलका मला काखेत मारून पुण्याला न्यायला हवा होता. जड लॅपटॉप घेतला असता तर मी त्या टेबलाशी, त्या फळीपाशी कायमची बसले असते. अप्पांना हे कळत नव्हतं की कळूनच त्यांनी फळी केली होती, ते मला आजही ठरवता येत नाही.

आठ दिवसांतले दोन उरले होते. तिसऱ्या प्रहरी मी हलका लॅपटॉप घेतला, त्याचा वाचून दाखवणारा आवाज बंद केला, झाकण मिटलं, पट्टी जोडली आणि बाईंना पत्र लिहायला बसले. माझी खात्री होती की आता देवालाही कळणार नाही. पडदा बंद, बोलणं बंद, माझं मी आणि माझी बोटं. पहिली ओळ लिहिली, "मला पुण्याला नोकरीला यायचं आहे, पण अप्पांना सांगायचं कसं ते कळत नाही." बाईंना कोणी असं पत्र लिहितं का? पण दुसरं काही सुचेचना. तेवढ्यात अप्पांची हाक आली, "कुंदे, अढी बघायला ये गो, पेटी भरायचीय." मी तशीच उठले. आंबे बघितले, पिकलेले काढून दिले, अप्पा आंब्याच्या दराच्या आणि हवेच्या गोष्टी करत राहिले. अर्धा तास गेला असेल. परत आले, हात पुसले, पट्टीवर बोटं ठेवली.

आपण ठेवलेली वस्तू कुणी हलवली तर आंधळ्या माणसाला लगेच कळतं. माझी ओळ तिथे नव्हती. मी कळ दाबून एक ओळ मागे गेले, तर ती वर होती, जशीच्या तशी. पुन्हा पुढे आले. तिच्या खाली, मी न लिहिलेली ओळ होती. "मी सांगते. तू हलका घे."

झाकण मिटलं की पडदा मिटतो, पट्टी नाही मिटत, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी उठून गेले तरी माझे ठिपके तसेच वर उभे होते, आणि बाजूला खिडकीचा तिरपा उजेड. जगात बाकी कुणी आलं असतं तरी चाललं असतं. पण त्या घरात सावल्या वाचणारी एकच बाई होती, आणि टेबल झाडायला तीच आली. मला आधी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग मी ती ओळ पुन्हा वाचली, पुन्हा वाचली, आणि मला रडू फुटलं. स्वयंपाकघरात आई नारळ खवत होती. दारात जाऊन उभी राहिले तर खवण्याचा आवाज थांबला. "हात धुतलेस का?" एवढंच म्हणाली. "चीक असेल." मी म्हटलं, "आई गो..." तर म्हणाली, "धू जा आधी."

जेवायला कुळथाचं पिठलं होतं, भात आणि फणसाची भाजी. अप्पा जेवताना शेखरला कुठला लॅपटॉप परत न्यायचा ते ठरवत होते. आई म्हणाली, "जड परत करा. हलका ठेवायचा."

"का? फळी केली ना मी?"

"छान केलीत. पण ती पुण्याला जातेय. तिथे तिला नोकरी आहे. फळी डोक्यावर घेऊन जायची का तिने?"

अप्पांनी ताट पुढे सरकवलं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि अढी कोण बघणार?" रागावून नाही म्हणाले. खरोखरच विचारल्यासारखे म्हणाले, तेच जास्त लागलं. आई म्हणाली, "सडतील चार आंबे. सडू देत." अप्पा उठले, हात धुतले आणि खळ्यात जाऊन येरझाऱ्या घालू लागले. त्यांच्या वहाणांचा आवाज ऐकत मी थंडगार भात गिळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या. मी चहाचा कप घेऊन बसले. अप्पांनी पेपर उघडला आणि वाचायला लागले. अपघात वाचला. खून वाचला. चोरी वाचली. मग नोकरीच्या जाहिराती, एकेक, पगारासकट, अर्ज कुठे करायचा त्यासकट. मग पुण्याचं हवामान. मध्येच खाकरायचे आणि पुढे वाचायचे. त्या दिवशी पेपर संपायला दुपार झाली. मी एकदाही म्हटलं नाही की अप्पा, पुरे. म्हणायला हवं होतं.

हलका लॅपटॉप काखेत मारून मी गेले ती गेलेच. दर वर्षी अप्पांची पेटी यायची, मी आधी पेंढ्यात तोंड खुपसून बसायचे आणि मग आंबे मोजायचे. आता अप्पा नाहीत, आईही नाही. फळी मी घेऊन आले. आजकालचे लॅपटॉप सगळेच पातळ, तिचा उपयोग काही नाही, कपाटात आहे. आईच्या कागदांचं मात्र वाईट झालं. मी ते इतके वाचले की ठिपके बसले. तिचा तो खोल ठिपका माझ्याच बोटांनी घासून सपाट केला. "वाटीत खोबरं" एवढं लागतं, पुढचं नाही. वाचू नये तर ती भेटत नाही, वाचावं तर झिजते. राहिली ती एक फाईल, बाईंना दुसरंच पत्र धाडलं म्हणून कधीच न गेलेल्या त्या पत्राची. ती झिजत नाही. तिच्यात आईच्या हाताचा जोर नाही, पट्टीवर सगळ्यांचे ठिपके सारखेच येतात, पण शब्द तिचेच आहेत. प्रत्येक नवा लॅपटॉप मी त्या फाईलवर तपासते. माझी ओळ वर आली, कळ दाबली, तिची ओळ आली, झाकण मिटलं, उघडलं, आणि ती अजून तिथेच असली, की लॅपटॉप चांगला.

गेल्या महिन्यात त्या दुकानात पहिल्याच लॅपटॉपवर ती आली. झाकण मिटलं तरी राहिली. मी बराच वेळ बोट उचललं नाही. मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, चालतंय ना नीट?"

"चालतंय," मी म्हटलं. "हाच दे."

"देते. पण हा जरा जड आहे हां. याच्याहून हलका आहे एक, दाखवू?"

माझं बोट अजून त्याच ओळीवर होतं.

"मग हलकाच दाखव," मी म्हटलं. "घरची तशी ताकीद आहे."